इंग्रजी कथाकारांचा बॅरिस्टर

बॅरिस्टर हा शब्द मराठी घरांत इतका रुळलेला आहे कीं, तें एका धंद्याचें नांव आहे हें आपण जवळजवळ विसरून गेलों आहों. नांवापूर्वीं ‘बॅ.’ हें एवढेंसें अक्षर लागलें कीं तो मनुष्य विलायतेला जाऊन आला, त्याला इंग्रजी उत्तम येतें आणि त्याच्या घरीं पैशाला तोटा नाहीं, अशीं तीन अनुमानें आपल्या आजोबांच्या पिढीनें एका दमांत काढावीं. त्यांतलें पहिलें तेवढें बहुधा खरें असे. बाकीच्या दोहोंबद्दल, विशेषतः तिसऱ्याबद्दल, खुद्द विलायतेंतील लेखकांनीं काय लिहून ठेवलें आहे तें पाहण्याचा आमचा विचार आहे. बॅरिस्टर हें पात्र इंग्रजी कथाकारांनीं फार वापरलें. पण त्याला बोलतांना दाखविण्याचा त्यांना हव्यास अधिक. झगा सांवरून उभा राहिलेला, साक्षीदाराला घाम फोडणारा, ज्यूरीला रडविणारा पुरुष आपणांस पुस्तकापुस्तकांतून भेटतो. तें भाषण करण्याची पाळी त्याच्यावर कशी आली, तो खटला त्याच्याकडे कोणीं आणून दिला, त्याबद्दल त्याला काय मिळालें आणि केव्हां मिळालें, हे प्रश्न विचारणारीं पुस्तकें मात्र थोडीं. आमच्या मतें या पात्राची खरी कसोटी तेथेंच आहे.

हें म्हणणें पटण्यासाठीं त्या धंद्याची घडण थोडी समजून घेतली पाहिजे. इंग्लंड व वेल्समध्यें आज सुमारें १७,००० बॅरिस्टर व्यवसाय करतात, आणि त्यांतले दर पांचांत चार कोणाचे नोकर नाहींत. ते एखाद्या पेढीचे भागीदारही नाहींत. लंडनमधील लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल व ग्रेज इन या चार संस्थांपैकीं एकीची सनद घ्यावयाची, वर्षभर कोणा अनुभवी बॅरिस्टराच्या हाताखालीं उमेदवारी करावयाची, आणि मग जागा मिळाली तर चेंबर्समध्यें बसावयाचें, असा हा क्रम आहे. चेंबर्स म्हणजे एक प्रकारचें सामाईक बिऱ्हाडच. भाडें, नोकरचाकर, पुस्तकें, दिवाबत्ती हा खर्च सर्वांनीं वांटून घ्यावयाचा. मिळकत मात्र ज्याची त्याची. एका खोलींत कागदांचे भारे आणि शेजारच्या खोलींत धूळ, असें एकाच छपराखालीं वर्षानुवर्षें चालूं शकतें. पूर्वापार वहिवाट अशी कीं अशिलानें बॅरिस्टराकडे थेट जावयाचें नाहीं. त्यानें सॉलिसिटर गांठावा, आणि सॉलिसिटरानें गुलाबी फितीनें बांधलेलें कागदांचें पुडकें, म्हणजे ब्रीफ, चेंबर्सकडे पाठवावें. तेथें तें प्रथम पडतें कारकुनाच्या हातीं.

हा कारकून म्हणजे आपल्याकडील खर्डेघाशी करणारा बापुडा नव्हे. फी किती तें तो ठरवितो, तारखा तो संभाळतो, एक बॅरिस्टर मोकळा नसेल तर दुसऱ्या कोणाचें नांव सुचवावयाचें हें त्याच्या मर्जीवर असतें. पूर्वीं त्याला पगार नसे. प्रत्येक फीवर हिस्सा असे. फी गिनींत मोजीत. गिनी म्हणजे एक पौंड एक शिलिंग; पौंड साहेबाचा आणि शिलिंग कारकुनाचा, असा तिचा अर्थ लोक लावीत. खुद्द बॅरिस्टरानें पैशाचें नांव काढूं नये, कारण ती मजुरी नव्हे, मानधन. झग्याच्या मागें लोंबणारी चिमुकली पिशवी ही अशिलानें त्याच्या नकळत मोहरा टाकाव्या म्हणून आहे, अशी आख्यायिका त्या धंद्यांत सांगतात. पोशाखांचे जाणकार ती खरी मानीत नाहींत, पण तिचा रोख खोटा नाहीं. १८६३ सालीं केनेडी विरुद्ध ब्राउन या खटल्यांत, फी बुडाली तरी बॅरिस्टराला दावा लावतां येत नाहीं, असें कोर्टानें ठरविलें, आणि १९९० च्या कायद्यानें दूर होईपर्यंत तो नियम टिकला.

दुसरा नियम याहून थोर आहे. १७९२ सालीं टॉमस अर्स्किननें टॉमस पेन याचें वकीलपत्र घेतलें आणि त्यापायीं प्रिन्स ऑफ वेल्सच्या ॲटर्नी-जनरलचें पद गमावलें. आरोपी वाईट दिसतो म्हणून वकीलच मागें सरूं लागला तर निकाल कोर्टांत न होतां वकिलाच्या दिवाणखान्यांत होऊन जाईल, हा त्याचा मुद्दा होता. अड्ड्यावरच्या भाड्याच्या गाडीनें जो हांक मारील त्याला नेलें पाहिजे, तसें आपल्या कक्षेंतलें कोणतेंही काम हातीं रिकामा वेळ असतां बॅरिस्टरानें नाकारूं नये, असा या धंद्याचा धर्म ठरला आहे. धर्म उत्तम आहे. परंतु त्याची दुसरी बाजू क्वचितच कोणी बोलून दाखवितो. बॅरिस्टराला ब्रीफ नाकारतां येत नाहीं. त्याला ब्रीफ दिलेंच पाहिजे असें बंधन मात्र जगांत कोणावरही नाहीं.

ही दुसरी बाजू डिकन्सला दिसली होती. ‘पिक्विक पेपर्स’ (१८३६-३७) मधील खटला सर्वांना आठवतो तो सार्जंट बझफझच्या भाषणामुळें. आम्हांस त्याहून मोलाचें वाटतें तें आधींचें प्रकरण. पिक्विकचा सॉलिसिटर पर्कर हा सार्जंट स्नबिनकडे जातो तेव्हां त्याला प्रथम भेटतो तो मॅलर्ड नांवाचा कारकून. सार्जंटाचें अक्षर आपल्याखेरीज जिवंत माणसांत कोणालाच लागत नाहीं, त्यामुळें त्यानें अभिप्राय दिला तरी आपण नक्कल करून देईपर्यंत लोकांना थांबावें लागतें, असें हा मॅलर्ड मोठ्या खुषींत सांगतो आणि दोघेही हंसतात. त्या हंसण्यांत सबंध धंद्याचा जमाखर्च आहे. मग दुय्यम वकील म्हणून फंकीचें नांव निघतें. तो अगदींच पोरगेला आहे, बारमध्यें येऊन त्याला अजून आठ वर्षेंसुद्धां झालीं नाहींत, असें पर्कर म्हणतो. आठ वर्षें वाट पाहिलेला मनुष्य या जगांत पोर ठरतो! पुढें हा लाजाळू फंकी कोर्टांत एक प्रश्न गरजेपेक्षां जास्त विचारतो आणि आपल्याच अशिलाचें नुकसान करून खालीं बसतो. आपण हंसतों, पण ज्याला आठ वर्षांत उभें राहण्याचा सराव झाला नाहीं त्याला कोठें थांबावें हें कोण शिकविणार? डिकन्स तें सांगत बसत नाहीं. तो स्वतः पोरवयांत ग्रेज इनमधल्या एका सॉलिसिटराच्या कचेरींत कारकून होता. कोणत्या जिन्यावर वर्दळ आहे आणि कोणत्या जिन्यावर नाहीं हें त्यानें स्टुलावर बसून पाहिलें होतें.

फंकी हा विनोदी लेखकाच्या कल्पनेंतला म्हणून सोडून द्यावा, तर त्याचा सख्खा भाऊ आपल्या मुंबईंतच होऊन गेला आहे. गांधीजींनीं १९२५ पासून ‘नवजीवन’मध्यें क्रमशः लिहिलेल्या आत्मकथेचीं सुरुवातीचीं प्रकरणें या दृष्टीनें पुन्हा वाचावीं अशी आमची वाचकांस शिफारस आहे. इनर टेंपलमध्यें सत्रें पुरीं करावयाचीं म्हणजे ठराविक जेवणें जेवावयाचीं. चौघांत मद्याच्या दोन बाटल्या मिळत, आणि हा चौथा गडी पिणारा नसल्यानें त्याला आपल्या मेजावर बसविण्यासाठीं चढाओढ असे. १८९१ च्या जूनमध्यें सनद घेऊन ते परतले. मुंबईंत गिरगांवांतून हायकोर्टापर्यंत पायीं जावें, तेथें दुसऱ्यांचे खटले ऐकत बसावें आणि ऐकतां ऐकतां डुलकी घ्यावी, असा त्यांचा दिनक्रम होता. अखेर स्मॉल कॉजेस कोर्टांत ममीबाईचें काम आलें. दलालाला दलाली द्यावयाची नाहीं हा निश्चय त्यांनीं पाळला. फी ३० रुपये. उलटतपासणीला उभे राहिले तों डोकें गरगरूं लागलें, एक प्रश्न सुचेना. खालीं बसून फी परत केली आणि तेथून निघून गेले. तें काम ५१ रुपये घेऊन दुसऱ्या वकिलानें केलें. यानंतर महिना ७५ रुपयांच्या इंग्रजी शिक्षकाच्या जागेसाठीं त्यांनीं अर्ज केला, बी. ए. नाहींत म्हणून तीही मिळाली नाहीं.

चरित्रकार या प्रसंगावरून घाईनें पुढें जातात, कारण त्यांना आफ्रिकेची बोट गांठावयाची असते. आम्हांस मात्र त्यानंतरचें राजकोटचें पान अधिक बोलकें वाटतें. तेथें भावाच्या ओळखीवर अर्ज लिहिण्याचें काम मिळूं लागलें, महिन्याला सरासरी ३०० रुपये सुटूं लागले, आणि मुंबईंत जो दलालीचा निषेध पाळला होता तो तेथें सैल करावा लागला, हें गांधीजींनीं स्वतःच नोंदवून ठेवलें आहे. ब्रीफ कोण आणतो, आणि त्या आणणाऱ्याच्या हातीं काय ठेवावें लागतें, हा प्रश्न इतक्या उघडपणें कोणा इंग्रज कादंबरीकारानें मांडल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

ट्रोलोपनें तो मांडावयास हवा होता. त्याचा बाप लिंकन्स इनमध्यें चॅन्सरीचा बॅरिस्टर होता. विद्वान होता, कष्टाळू होता, पण असा रागीट कीं सॉलिसिटरांनीं त्याच्याकडे जाणेंच सोडलें. पुढें १८३४ सालीं कुटुंबाला कर्जापायीं बेल्जममध्यें पळून जावें लागलें आणि आईनें कादंबऱ्या लिहून सर्वांचीं पोटें भरलीं. ही हकीकत त्याच्या आत्मचरित्रांत आहे. त्याच्या कादंबरींत ती नाहीं. ‘ऑर्ली फार्म’ (१८६१-६२) या कादंबरींत मृत्युपत्राची पुरवणी बनावट करणाऱ्या स्त्रीचा बचाव करण्यासाठीं चाफनब्रास नांवाचा वकील सरळ साक्षीदारांना छळतो, आणि ती दोषी आहे हें मनांत ओळखूनही वकील तिच्यासाठीं कसा भांडतो, याचा ट्रोलोपला संताप येतो. संताप प्रामाणिक आहे, पण तो भलत्या जागीं आहे. ज्या लेखकानें आपल्या घरांत ब्रीफ न येण्याचे परिणाम पाहिले, त्यानें आलेलें ब्रीफ परत करण्याचा उपदेश इतक्या सहजपणें करावा याचें आम्हांस नवल वाटतें. अर्स्किनचें उत्तर त्याला ठाऊक नसेल असें म्हणवत नाहीं.

स्वभावामुळें ब्रीफ येत नाहीं हें एक. जन्मामुळें येत नाहीं हें त्याहून दारुण. ग्रेज इनचे बॅरिस्टर होऊन डॉ. आंबेडकर १९२३ सालीं मुंबईस परतले. हायकोर्टाच्या मूळ शाखेंत सॉलिसिटराच्या हातूनच काम यावयाचें, आणि अस्पृश्य जातीच्या बॅरिस्टराकडे कागद पाठविण्यास सॉलिसिटर तयार नव्हते. त्यामुळें अपिलाच्या शाखेंत आणि जिल्ह्याजिल्ह्यांच्या कोर्टांत जें मिळेल तें काम त्यांनीं केलें; जोडीला बाटलीबॉय यांच्या हिशेबनिसांच्या संस्थेंत व्यापारी कायदा शिकविला. १९२६ मध्यें ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून पुण्यास झालेल्या खटल्यांत जेधे-जवळकरांचा बचाव त्यांनीं यशस्वीपणें केला, तेव्हां विद्वत्ता किंवा वक्तृत्व कमी पडत होतें असें कोणाला म्हणतां आलें नाहीं. त्याच सुमारास मिठन टाटा लिंकन्स इनच्या बॅरिस्टर होऊन मुंबईच्या हायकोर्टांत आल्या. त्यांना पहिलें ब्रीफ मिळालें तें, आपल्या प्रतिपक्षाला बाईकडून हार खावी लागावी ही अशिलाची हौस होती म्हणून! त्या धंद्याचा नियम वकिलाला सांगतो कीं माणूस पाहूं नकोस. काम वांटणारा मात्र आधीं माणूसच पाहतो.

थॅकरेच्या ‘पेंडेनिस’मधले दोघे मित्र टेंपलमध्यें राहतात आणि वर्तमानपत्रांत लिहून पोट भरतात, त्यांच्याविषयीं एवढेंच पुरे. विसाव्या शतकांत हेन्री सेसिलनें ‘ब्रदर्स इन लॉ’ (१९५५) लिहून उमेदवारीचा विषय प्रथमच सबंध पुस्तकाच्या मध्यभागीं आणला. सेसिल हा स्वतः बॅरिस्टर आणि पुढें काउंटी कोर्टाचा न्यायाधीश. त्याचा नायक रॉजर थर्स्बी कोरा करकरीत आहे. गुरु एका कोर्टांतून दुसऱ्या कोर्टांत धांवतो आणि हा बिचारा न्यायाधीशापुढें, खटल्याची कांहींच माहिती नसतां, उभा राहतो. प्रसंग खरा आहे, विनोद निर्मळ आहे. परंतु थर्स्बीची फजिती होते ती तोंड उघडल्यावर. भाड्याचे पैसे कोठून आणावे ही चिंता त्याला फारशी शिवत नाहीं. त्या काळीं उमेदवारानें गुरूलाच वर्षाचे १०० गिनी द्यावे अशी वहिवाट होती, म्हणजे गरीब घरचा मुलगा या विनोदांत शिरूंच शकत नव्हता. पुढें ही वहिवाट मोडली. तरी किमान वेतनाच्या कायद्यांत उमेदवार बॅरिस्टर बसत नाहीं, असें अपील कोर्टानें २००० सालीं ठरविलें, आणि २००३ पासून उमेदवाराला वर्षाकांठीं निदान १०,००० पौंड दिलेच पाहिजेत असा नियम धंद्याला स्वतःहून करावा लागला. सेसिल वाचतांना हा हिशेब जवळ ठेवावा.

जॉन मॉर्टिमरचा रम्पोल मात्र हिशेब विसरूं देत नाहीं. १९७५ सालीं तो प्रथम दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आला आणि १९७८ पासून पुस्तकांत. हा म्हातारा ओल्ड बेलीचें भाड्याचें तट्टू आहे. रेशमी झग्याचा मान त्याला कधीं मिळाला नाहीं, टोप कळकट, चिरूट स्वस्तांतला, आणि पॉमरॉयच्या गुत्त्यांतलें मद्य त्याहून स्वस्तांतलें. त्याचा खरा अन्नदाता कोण? टिम्सन कुटुंब! दक्षिण लंडनमधलें हें पिढीजात भुरट्या चोरांचें घराणें नित्यनेमानें पकडलें जातें आणि त्यामुळें रम्पोलच्या घरची चूल पेटते. वकिलाच्या पोटाचा आणि चोराच्या चोरीचा संबंध इतक्या प्रेमळपणें दुसऱ्या कोणीं दाखविलेला नाहीं. चेंबर्समधल्या मत्सराचीं, कोणाला कोणती खोली मिळते या रुसव्यांचीं, हेन्री कारकुनाची मर्जी राखण्याचीं चित्रेंही पक्कीं आहेत.

तथापि रम्पोलविषयीं आमचा एक आक्षेप आहे. आपण भाड्याची गाडी आहों, जो हात करील तो आपला उतारू, असें तो अभिमानानें म्हणतो. पण ही गाडी एकाच रस्त्यानें जाते. तो बचावाचेंच काम घेतो. एखादा अपवाद सोडला तर फिर्यादीच्या बाजूनें उभा राहत नाहीं. शिवाय गोष्टीला खटला लागतो, म्हणून त्याला ब्रीफ मिळतेंच. कामावांचून गेलेले महिने कथेबाहेर राहतात, आणि दारिद्र्य शेवटीं एक गोजिरवाणी लकब होऊन बसतें.

मॉर्टिमरचें याहून सखोल काम आमच्या मतें ‘अ व्हॉयेज राउंड माय फादर’ या नाटकांत आहे. त्याचे वडील घटस्फोटाच्या खटल्यांचे नामांकित बॅरिस्टर. मध्यम वयांत त्यांची दृष्टि गेली. त्यांनीं काम सोडलें नाहीं. आगगाडींत पत्नीनें खटल्याचे कागद मोठ्यानें वाचून दाखवावे, व्यभिचाराचे ते तपशील ऐकून डब्यांतले उतारू गप्प व्हावे, आणि या अंध माणसानें तें सर्व ध्यानांत ठेवून कोर्टांत उभें राहावें. आंधळेपणाचा उच्चार घरांत कोणी करीत नाहीं. समीक्षक याला इंग्रजी स्वभावाचा हट्ट म्हणतात. तो असेलही. पण ज्याचा धंदा स्वतःचा, त्याला आजारपणाची रजा नसते, पेन्शन नसतें. आज दिसत नाहीं असें म्हटलें तर उद्यां ब्रीफ दुसऱ्या जिन्यानें जातें. त्या घरांतल्या मौनाला हें एक साधें कारण आहे, आणि विधवेसारखे शांत बसून कागद वाचणाऱ्या त्या पत्नीला तें ठाऊक असावें असें वाटतें. बॅरिस्टराच्या कमाईंत त्याच्या घरच्यांचा वांटा किती, हें दाखविणारा याहून चांगला प्रसंग आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां अलीकडचें पुस्तक. २०१८ सालीं ‘द सीक्रेट बॅरिस्टर’ या नांवाखालीं, स्वतःची ओळख न देतां, एका फौजदारी बॅरिस्टरानें कोर्टांची दुर्दशा लिहिली. कागद आदल्या संध्याकाळीं हातीं येतात, रात्र जागून ते वाचावयाचे, सकाळीं दूरच्या गांवीं जावयाचें, आणि तेथें कळतें कीं आज कोर्टाला वेळ नाहीं. सरकारी खर्चानें चालणाऱ्या बचावाची फी ठराविक कोष्टकाप्रमाणें. वाचलेल्या रात्रीचा तींत हिशेब नाहीं. पुस्तक संतापलेलें आहे आणि संतापाला पुरावा आहे. चार वर्षांनीं त्या पुराव्याला रस्त्यावर तोंड फुटलें. सर ख्रिस्तोफर बेलामी यांच्या स्वतंत्र चौकशीनें डिसेंबर २०२१ मध्यें फी निदान शेंकडा १५ नें वाढविण्याची शिफारस केली होती. पहिल्या तीन वर्षांतल्या फौजदारी बॅरिस्टराच्या हातीं खर्च वजा जातां वर्षाला मधल्या हिशेबानें १२,२०० पौंड पडतात, असें वकिलांची संघटना सांगत होती. ११ एप्रिल २०२२ पासून त्यांनीं एकमेकांचीं ‘परतीचीं’ कामें, म्हणजे सहकाऱ्याला दोन ठिकाणीं जातां येत नाहीं म्हणून फिरून आलेलीं ब्रीफें, घेण्याचें थांबविलें; ५ सप्टेंबरपासून बेमुदत संप केला; १० ऑक्टोबरला सरकारची नवी देकार शेंकडा ५७ मतांनीं स्वीकारून तो मिटविला. टोप-झगे घातलेले लोक ओल्ड बेलीच्या दारांत फलक घेऊन उभे राहिलेले पाहून पुष्कळांना हंसूं आलें. ब्रीफ नाकारूं नये हा धर्म ज्यांनीं दोनशें वर्षें मिरविला, त्यांनींच ब्रीफ नाकारलें, ही त्यांतली विलक्षण गोष्ट हंसणाऱ्यांच्या लक्षांत आली नाहीं. त्या काळांत खटले लांबले, आरोपी कोठडींत आणि फिर्यादी घरीं वाट पाहत बसले, हेंही विसरतां येत नाहीं.

वाङ्मय म्हणून मात्र ‘द सीक्रेट बॅरिस्टर’ आम्हांस अपुरें वाटतें. आंकडे, कायदे, चुका यांची गर्दी फार आणि माणसें थोडीं. नांव लपविल्यामुळें लेखकाला धैर्य आलें, पण त्याबरोबर त्याचें चेंबर्स, त्याचें घर, त्याचा कारकून हेही पडद्याआड गेले. मॅलर्डचा वंश अजून बुडालेला नाहीं. त्याचा हिस्सा कित्येक ठिकाणीं पगारांत बदलला आहे, आणि फौजदारी कामाचे कागद आतां फितींत न बांधले जातां संगणकावर येतात. तरी संध्याकाळीं उद्यांच्या कोर्टांची यादी लागली कीं तो टेलिफोन उचलतो, आणि दुसऱ्या टोंकाला भाड्याच्या खोलींत बसलेला, तीन दिवस रिकामा असलेला एक तरुण किंवा तरुणी, पहिल्या घंटेलाच फोन घ्यावा कीं दोन घंटा जाऊं द्याव्या याचा विचार करते. हें दोन मिनिटांचें संभाषण डिकन्सनंतर कोणीं पुरतें लिहिलेलें नाहीं.